मुद्दाम मारलेल्या पीजेवर हसू का येतं?

'म्हापशाहून पणजीला निघालेली बस वाटेत उभी का राहिली? बसून कंटाळली म्हणून.' असा पीजे (पुअर जोक, म्हणजे टुकार विनोद) ऐकून लोक कपाळावर हात मारतात आणि तरी हसतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 मध्येच लिहून ठेवलं की ताणलेली अपेक्षा अचानक शून्यावर आली की हसू फुटतं. पीजेत हे शून्य फारच मोठं असतं. आपण चमकदार उत्तराची वाट पाहतो आणि हातात काहीच पडत नाही. इथे विनोद फसणं हाच विनोद.

पण खरी मेख सांगणाऱ्यात आहे. आपला विनोद टुकार आहे हे त्याला ठाऊक आहे, हे आपल्याला कळायला हवं. तसं नसेल तर हसू येत नाही, अवघडल्यासारखं होतं. गोव्यात जत्रेच्या रात्री गावकऱ्यांच्या मराठी नाटकात हे छान दिसतं. विनोदी पात्र असली कोटी गंभीर चेहऱ्याने टाकतं, क्षणभर थांबतं, आणि मांडवातून 'आई गे!' असा सामूहिक कण्हणारा आवाज उठतो. मला तर तो टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण सगळे एकत्र फसलेले असतात. म्हणूनच तीच कोटी एकट्याने वाचली तर बहुधा फिकी पडते.