थोरल्याला दोन वाटे, बहिणीला एक

प्रश्न: अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा बाप गेला की सगळी जमीन थोरल्यालाच जायची असं ऐकलंय. मग बाकीची भावंडं, मुली, विधवा आई यांचं काय व्हायचं?

उत्तर: वसाहत कुठली त्यावर होतं. व्हर्जिनियात बाप मृत्युपत्र न करता वारला तर इंग्लंडसारखीच सगळी जमीन थोरल्याची, आणि ते पार स्वातंत्र्यानंतर १७८५ च्या कायद्यानं बंद झालं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४१ पासूनच वेगळं होतं, बायबलातल्या नियमाप्रमाणे थोरल्याला डबल वाटा, आणि १६९२ च्या कायद्यात बाकीच्या सगळ्यांना, मुलींनाही, एकेक. म्हणजे चार मुलं असली की पाच वाटे करायचे. जमिनीचे तुकडे करून नुकसान होणार असेल तर ती सहसा थोरल्याकडे ठेवून त्यानं इतरांना पैसे द्यायचे.

विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा, पण फक्त हयातीपुरता, विकता येत नसे. म्हणून मृत्युपत्रात तिला घरातली कुठली खोली, मुलानं वर्षाला किती सरपण आणून द्यायचं, इतकं बारीक लिहिलेलं सापडतं. वाचताना पोटात तुटतं, स्वतःच्या घरात राहायचं तेही लिहून घ्यावं लागायचं! मृत्युपत्र असलं की मुलांना जमीन आणि मुलींना गाय, अंथरूण-पांघरूण, कथलाची भांडी असलाच प्रकार जास्त, आणि लग्न झालं की ती गायही नवऱ्याची.

यावरून मोठा खटला झाला तो विन्थ्रॉप घराण्यात. वेट विन्थ्रॉप १७१७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले, मागे मुलगा जॉन आणि मुलगी अ‍ॅन लेचमियर. कनेक्टिकट वसाहतीच्या कायद्यानं तिथल्या जमिनीचे दोन भाग जॉनचे, एक अ‍ॅनचा, पण जॉनला सगळीच हवी होती, तो थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या राजाच्या मंडळाकडे गेला (पुढे आपल्याकडचे दावेही तिथंच जायचे) आणि १७२८ मध्ये जिंकला. कौन्सिलनं तो कायदाच रद्द केला, इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध म्हणून. आता विचार करा, कित्येक वर्षं ज्यांनी त्याच कायद्यानं वाटण्या करून शेतं कसली त्या सगळ्यांचे हक्क एका फटक्यात धोक्यात, कारण कुठलाही थोरला भाऊ उठून सगळं माझं म्हणू शकत होता! मला यात अ‍ॅनवर सरळसरळ अन्याय झालेला दिसतो. पुढे १७४५ मध्ये दुसऱ्या एका कुटुंबाचं अपील त्याच कौन्सिलनं फेटाळलं, तेव्हा कुठं कनेक्टिकटमधली वाटणीची पद्धत टिकली.