जुन्या पीसीत स्वस्त ग्राफिक्स कार्ड घालून तो ४के टीव्हीला जोडला तर नीट चालेल का?

चालेल. पण दुकानदार म्हणतोय ते कार्ड घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: ऑफिसातून काढलेला इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा छोटा डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, चवथीला घेतलेला ४३ इंची ४के टीव्ही, आणि म्हापशातल्या दुकानातला सल्ला, ‘जीटी ७१० न्या, २ जीबीचं आहे, सगळं चालतं.’ यातला २ जीबी हा आकडा तुमच्या कामाचाच नाही. तो गेम खेळणाऱ्याने बघायचा. ज्याला टीव्हीवर पिक्चर बघायचाय त्याने एकच गोष्ट विचारायची, या कार्डातल्या डीकोडरला कुठले कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धती, समजतात?

व्हिडिओची फाइल दाबून लहान केलेली असते आणि ती उलगडण्याचं काम सेकंदाला पंचवीस-तीस वेळा करावं लागतं. कार्डावर त्या कोडेकसाठी वेगळं सर्किट असलं की हे काम तिथे होतं आणि प्रोसेसर निवांत राहतो. नसलं तर सगळा भार प्रोसेसरवर. मग तुमचा दोन कोरचा आय३ ४के एचईव्हीसी फाइलवर हमखास अडखळणार, कार्डावर मेमरी २ जीबी असो की ४.

जीटी ७१० हे २०१६ साली बाजारात आलं, पण आतली चिप त्याहून जुन्या केप्लर घराण्यातली. तिला एच.२६४ हा जुना कोडेक कळतो, एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे नंतरचे कळत नाहीत. शिवाय एचडीएमआय १.४, म्हणजे ४के मिळेल पण फक्त ३० हर्ट्झला, पडद्यावरचं चित्र सेकंदाला तीसदाच बदलणार. माऊस हलवला तरी तो मागून ओढत आल्यासारखा वाटतो. आणि एच.२६४ तर तुमच्या आय३ मधल्या अंगच्या इंटेल ग्राफिक्सलाही उत्तम कळतं. म्हणजे पैसे मोजून जे आहे तेच पुन्हा विकत घ्यायचं.

म्हणून आधी एक रुपयाही खर्च न करता हे करा. तुम्ही खरोखर जे बघता त्यातल्या चार-पाच फाइली व्हीएलसीत उघडा आणि कंट्रोल-जे दाबा. कोडेकचं नाव समोर येतं. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे एव्हीसी१ दिसलं तर एच.२६४, व्हीपी०९ दिसलं तर व्हीपी९, एव्ही०१ दिसलं तर एव्ही१. त्याच चौकटीत किती फ्रेम गळल्या तेही दिसतं. तो आकडा भराभर वाढत असेल तर प्रोसेसरची दमछाक होतेय.

यूट्यूबचा एक उपाय फुकटात आहे. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब एच.२६४ मध्येच व्हिडिओ देतं. त्यात १०८०पीच्या वर मिळत नाही, पण ४३ इंची पडदा सोफ्यावरून बघताना १०८०पी आणि ४के यांतला फरक आमच्या घरात तरी कोणी ओळखलेला नाही. अशा ऑफिसच्या डब्यांना मागे बहुधा एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयचा साधा अडॅप्टर आणा, टीव्हीला जोडा, आठवडाभर वापरून बघा. कित्येकांची गरज इथेच भागते.

आणि तुम्हाला फक्त ओटीटी बघायचं असेल तर हा सगळा उपद्व्याप करूच नका. बऱ्याच ओटीटी सेवा ब्राउझरला कमी दर्जाचं चित्र देतात, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम असेल तर आणखी कमी, आणि ४के हवं तर एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) वगैरे अटी येतात. नव्या कार्डाच्या पैशात टीव्ही स्टिक येते, ती वीजही नावालाच खाते. पीसी जोडण्यात अर्थ आहे तो स्वतःच्या फाइलींसाठी. आमच्या घरी एक हार्ड डिस्क भरून जत्रेतल्या नाटकांची, दशावतारी काल्यांची आणि लग्नांची रेकॉर्डिंग्ज आहेत. स्टिकला यूएसबी डिस्क लावून हे बघायचं म्हणजे डोक्याला ताप. पीसीवर कोडी हा फुकट मीडिया प्लेयर टाकला की सगळं नावानिशी समोर, आणि आईलाही लावता येतं.

कार्ड घ्यायचंच ठरलं तर पुढचा प्रश्न विंडोज की लिनक्स. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथी पिढी बसत नाही, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही.

विंडोजवरच राहणार असाल तर एनव्हिडियाचं जीटी १०३०. हे २०१७ चं, पास्कल चिपचं. एचईव्हीसी (जास्त रंगछटांच्या १०-बिट फाइलींसकट) आणि व्हीपी९ दोन्ही हार्डवेअरवर उघडतं, एचडीएमआय २.० असल्याने ४के ६० हर्ट्झला मिळतं आणि ३० वॅटच खातं. वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या डब्यातला अडीचशे वॅटच्या आसपासचा पॉवर सप्लाय पुरतो. एव्ही१ मात्र त्याला कळत नाही. खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलेलं बघून घ्या. त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं मंद कार्डही विकलं जातं.

लिनक्सवर जाणार असाल तर मी एएमडीचं आरएक्स ५५० सुचवेन. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि कोडीत एचईव्हीसी १०-बिट फाइली सरळ चालतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर लिब्रईएलईसीची (नुसत्या कोडीसाठी बनवलेलं लिनक्स) नेहमीची जेनेरिक आवृत्ती सोडून जेनेरिक-लेगसी शोधावी लागते, शिवाय फायरफॉक्समध्ये हार्डवेअर डीकोडिंगसाठी वेगळी खटपट. उलट आरएक्स ५५० ला लिनक्सवर व्हीपी९ येत नाही, म्हणून यूट्यूबसाठी वरचं एक्स्टेंशन ठेवायचंच. विजेची भूक ५० वॅटच्या आसपास, तीही मदरबोर्डावर कार्ड बसतं त्या स्लॉटमधूनच भागते.

ऑनलाइन कुठे फारच स्वस्तात मोठ्या नावाचं कार्ड दिसलं तर हात आखडता घ्या. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली नकली कार्डं फिरतात. आल्याबरोबर जीपीयू-झेड हा कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवून बघायचा, नकली असेल तर तो बहुतेक वेळा नावाआधीच ‘फेक’ लिहितो.

तुमचा डबा छोटा आहे, म्हणून लो-प्रोफाइल, म्हणजे बुटकं कार्डच लागेल, आणि खोक्यात बुटका ब्रॅकेट वेगळा दिलाय का ते दुकानातच उघडून बघा. नाहीतर फोंड्यापासून पणजीपर्यंत त्या पत्र्याच्या तुकड्यासाठी फिरावं लागतं. कार्ड बसवलं की एचडीएमआयची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डाला नाही. आवाज आला नाही तर साउंड सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष कार्डाचा नाही, टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा.

कोडीत दोन गोष्टी नक्की करा. ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ चालू करा, म्हणजे २५ फ्रेमचं नाटक टीव्ही ५० हर्ट्झला दाखवतो आणि २४ फ्रेमचा सिनेमा २४ ला. कॅमेरा आडवा फिरताना बसणारे बारीक धक्के जातात. आणि जुन्या डीव्हीडी असतील तर डीइंटरलेसिंग (एक आड एक ओळींत साठवलेलं चित्र जोडणं) ‘ऑटो’वर ठेवा. ते बंद असलं की फुगडी घालणाऱ्या बायकांच्या हातांना कंगव्याचे दात फुटल्यासारख्या आडव्या रेषा दिसतात आणि लोक विनाकारण रेकॉर्डिंगवाल्याला शिव्या घालतात.

४ जीबीची रॅम ८ करा आणि जुन्या हार्ड डिस्कवर सिस्टिम ठेवू नका, लहानशी साटा एसएसडी घाला. चालू करताना जाणवणारा फरक कार्डापेक्षा याचाच मोठा.

आता आपल्या हवेचं. पावसाचे चार महिने बंद पडून असलेला डबा चालू केला आणि नुसते बीप ऐकू आले, तर तो मेला असं समजून भंगारात देऊ नका. रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, परत बसवा. घड्याळ दरवेळी जुनं वर्ष दाखवत असेल तर मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला ‘असुरक्षित’ म्हणतो आणि माणूस नेटवाल्याला फोन करत बसतो. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या परत लावा, उघड्या ठेवल्या की पाल आत जाते. आमच्याकडे ती एकदा पॉवर सप्लायपर्यंत पोचली होती, पुढचं सांगत नाही. पंखा नसलेलं कार्ड शांत असतं, पण टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबू नका.

गडगडायला लागलं की प्लगबरोबर केबलची आणि इंटरनेटची वायरही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

व्हीएलसीत काय दिसलं आणि डब्याचं मॉडेल कोणतं ते खाली लिहा, कार्ड लागेल की अडॅप्टरवर भागेल ते सांगतो.