एवढ्या दुर्मीळ आजारात नोकरी कोण देणार?

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गौचर आजार (टाइप 1) आहे. दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून एन्झाइम द्यावं लागतं. बारावी सायन्सची मोठी मुलगी म्हणते, 'मी यातच शिकणार.' पण इतके कमी पेशंट, तिला काम कुठे मिळणार? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, शंका रास्त आहे. गौचर हा जन्मजात जनुकीय आजार: एक एन्झाइम कमी पडतं आणि प्लीहा (स्प्लीन), यकृत, हाडांत चरबीसारखा पदार्थ साठतो. तो साधारण 40 ते 60 हजारांत एकाला होतो. एकट्या गौचरवर कुणाचं पोट भरणार नाही. पण ओपीडीत तुमच्या शेजारी बसणारी मुलं आठवा. कुणाला पॉम्पे, कुणाला एमपीएस, कुणाला विल्सन. एकेक जनुकीय आजार विरळा, रांग मात्र लांब आणि ती समजणारी माणसं थोडी.

कामही बाकी आहे. 1991 मध्ये पहिलं एन्झाइम आलं, त्याआधी फुगलेली प्लीहा काढून टाकण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. आज वेळेत उपचार मिळालेल्या टाइप 1 च्या मुलांची प्लीहा आटते, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट सुधारतात, उंचीही वाढते. टाइप 2 मध्ये मात्र मेंदूलाही इजा होते, ती बाळं बहुतेक दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत. हे एन्झाइम मेंदूपर्यंत पोचतच नाही, तिथे अजून संशोधकच हवेत. खर्चाचं तर तुम्हाला मी काय सांगावं! मुलाचं वजन वाढेल तसा डोस वाढतो, आणि दुर्मीळ आजारांसाठीच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली मिळणारी मदत 50 लाखांपर्यंतच.

वाटा दोन. नीट, एमबीबीएस, बालरोगात एमडी, मग मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी): अकरा-बारा वर्षं. किंवा लाइफ सायन्समध्ये बीएस्सी आणि जेनेटिक काउन्सेलिंग (आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबाला समजावून सल्ला देणं) वा ह्यूमन जेनेटिक्समध्ये एमएस्सी: पाच वर्षं. दुसऱ्या वाटेत सुरुवातीचा पगार बेताचा, पण गर्भतपासणी, कॅन्सर, लॅब असं काम मिळतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, आणि नात्यात नवरा-बायको दोघंही वाहक (सदोष जनुकाची एक प्रत असलेले, पण स्वतः निरोगी) असण्याची शक्यता वाढते. अशा घरात बसून 'दोघंही वाहक, म्हणून प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका' मराठीत, कुणाला दोष न देता समजावणारं माणूस मला फार मोलाचं वाटतं.

एक नाजूक गोष्ट. निरोगी सख्ख्या बहिणीला वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. तिच्या हट्टामागे ही भीतीही असू शकेल. तपासणीचा निर्णय अठरा पूर्ण झाल्यावर तिचा तिने घ्यावा. पुढच्या सलाइनला तिला सोबत न्या आणि तिथल्या जेनेटिक काउन्सेलरशी अर्धा तास एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर थांबा.