हाडाच्या आजारामुळे एक पाय आखूड राहिला. खानापूरचा माझा 11 वर्षांचा मुलगा मैदानी खेळात उतरू शकेल का?

ताई, उतरू शकेल, नक्की. विल्मा रुडॉल्फचा पाय लहानपणी पोलिओनं अधू झाला होता. घरची माणसं आळीपाळीनं तो चोळून द्यायची. तिनंच 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये धावण्यात 3 सुवर्णपदकं घेतली. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या सांगली जिल्ह्यातला सचिन खिलारी बघा. शाळेत असताना सायकलवरून पडला, हात कायमचा अधू झाला. त्यानं पॅरिस 2024 च्या पॅरालिंपिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणलं!

आधी हाडांच्या डॉक्टरांकडून दोन्ही पायांतला फरक मोजून घ्या. आखूड पायाच्या निकषावर पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या मैदानी स्पर्धांमध्ये, उतरायला किमान 7 सेंटिमीटर फरक लागतो. पोराची उंची वाढतेय, त्यामुळे दरवर्षी पुन्हा मोजावं लागेल. बुटाच्या टाचेला उंची लावायची का, तेही तेव्हाच विचारा. नाहीतर पळताना कंबर एका बाजूला कलते. फरक कमी भरला तर इतर मुलांबरोबरच खेळू दे. दिव्यांग प्रमाणपत्र मिळत असेल तर आत्ताच काढा. फक्त पळण्याचाच हट्ट नको, गोळा आणि भालाही एकदा हातात देऊन बघा.