स्पिटफायरची १९४४ची स्किन बनवली, रंगांचे कोड अचूक आहेत, तरी विमान खेळण्यासारखं का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की डीसीएस या विमान-सिम्युलेटरमधल्या स्पिटफायर मार्क नऊसाठी (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) नॉर्मंडीची स्किन, म्हणजे विमानावर चढणारं रंगकाम, केली, रंग तक्त्यावरून तंतोतंत उचलले, तरी विमान प्लास्टिकचं वाटतं आणि लांबून पट्टे लुकलुकतात. या तक्रारींचं मूळ रंगांच्या कोडमध्ये नाही, त्यामुळे ते तूर्त बाजूला ठेवा.

आधी तारीख पक्की करा, महिन्यासकट. ऑगस्ट १९४१ पासून ब्रिटिश दिवसा-लढाऊ विमानांवरचा तपकिरी गेला आणि वरून डार्क ग्रीन व ओशन ग्रे, खालून मीडियम सी ग्रे आलं. काळे-पांढरे पट्टे फासले गेले ते थेट जून १९४४च्या सुरुवातीला, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरण्याच्या दोन-तीन दिवस आधी. म्हणजे मे महिन्याच्या विमानावर पट्टे दाखवले की ते चुकलंच. जुलैपासून वरच्या बाजूचे पट्टे पुसायला सुरुवात झाली, पोटाकडचे मागे राहिले. जानेवारी १९४५ मध्ये युरोपातल्या तुकड्यांनी शेपटीजवळचा फिका, ‘स्काय’ नावाच्या रंगाचा पट्टाही झाकला आणि स्पिनर (पंख्याच्या मध्याची टोपी) काळा केला. बऱ्याच स्किनमध्ये हे सगळे महिने एकाच विमानावर दिसतात.

आता माप. एक-इंजिनी विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, क्रम पांढरा-काळा-पांढरा-काळा-पांढरा. धडावरच्या राउंडेलचे (ब्रिटिश विमानांवरचं गोल चिन्ह) व्यास असे: पिवळा ३६ इंच, निळा ३२, पांढरा १६, लाल १२. टेम्प्लेटवर (विमानाचा पृष्ठभाग उलगडून सपाट केलेलं चित्र) पिवळ्याचा व्यास ३६० पिक्सेल भरला, तर इंचाला १० पिक्सेल. म्हणजे एक पट्टा १८० आणि पाच मिळून ९००. हे गणित पंखावर जसंच्या तसं नेऊ नका, कारण टेम्प्लेटवर पंख आणि धड वेगवेगळ्या प्रमाणात पसरलेले असू शकतात. गोल टोकांच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच आहे, त्यावरून तिथलं प्रमाण वेगळं काढा. पट्टे घाईत, बरेचसे ब्रशने मारलेले होते, तेव्हा टेप लावल्यासारख्या सरळ कडा काढू नका. हिरव्या-करड्याची सीमा मात्र स्वच्छ ठेवा, फार तर इंचभर मऊ. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात.

प्लास्टिकचा भास होतो तो रफनेस-मेटल टेक्श्चरमुळे, म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत आणि किती धातूसारखा ते ठरवणाऱ्या चित्रामुळे. डीसीएसमध्ये त्याच्या लाल चॅनलमध्ये (रंगाच्या थरात) सावलीची माहिती, हिरव्यात खरखरीतपणा आणि निळ्यात धातूपणा असतो. रंगवलेल्या भागात निळा चॅनल पूर्ण काळा हवा; पांढरा फक्त तिथे, जिथे रंग उडून अॅल्युमिनियम उघडं पडलंय. अर्ध्या करड्यावर ठेवलात की विमान ना रंगवलेलं दिसतं ना धातूचं. हिरवा चॅनलही सपाट सोडू नका: हाताळलेल्या जागी थोडा गडद, एक्झॉस्टच्या काजळीवर उजळ.

झीज दाखवताना विमानाची रचना आठवा. कॉकपिटचं दार डाव्या बाजूला आहे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग उडालेला असतो. उजवीकडे तितकाच उडवला की जाणकाराला लगेच खटकतं. रडर (शेपटीची उभी हलती पाटी) कापडाचं होतं, त्यावर चंदेरी ओरखडे काढणं म्हणजे कापडाला धातू करणं.

आता रंग. स्केल मॉडेलवाले लांबचा भास यावा म्हणून रंग थोडा फिका करतात. इथे ते करू नका. अंतराचं धुकं सिम स्वतः घालतो, आणि तुम्ही आधीच फिकं केलंत तर विमान दोनदा धुतल्यासारखं दिसतं. जुन्या कृष्णधवल फोटोवरूनही रंग ठरवू नका. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे राउंडेलची पिवळी कडा तिच्यावर गडद आणि निळा फिका उमटतो.

करड्यात हिरवट झाक येत असेल, तर डीडीएस या टेक्श्चर-फाइलच्या कॉम्प्रेशनवर संशय घ्या. डीएक्सटी या कॉम्प्रेशन-पद्धतीत मूळ रंग लालासाठी ५, हिरव्यासाठी ६ आणि निळ्यासाठी ५ बिट्सवर साठवला जातो, म्हणून तटस्थ करडा किंचित सरकतो. एका रंगाच्या सपाट थरावर एक-दोन टक्के नॉइज टाका, म्हणजे ती झाक विखुरते. डिफ्यूजला (मूळ रंगाच्या टेक्श्चरला) अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा चॅनल, लागत नसेल तर डीएक्सटी१ पुरतो: ४०९६ × ४०९६ पिक्सेलची फाइल मिपमॅप (लांबून दाखवायच्या छोट्या प्रती) धरून सुमारे ११ एमबी, डीएक्सटी५ मध्ये २१. आणि मिपमॅप्सचा पर्याय बंद राहिला की दूरचे पट्टे लुकलुकतात. तुमची दुसरी तक्रार बहुधा तीच आहे.

फाइल सेव्ह्ड गेम्समध्ये डीसीएसच्या लिव्हरीज फोल्डरात, विमानाच्या नावाच्या उपफोल्डरात जाते. डिस्क्रिप्शन लुआ (description.lua) फाइलमध्ये कोणतं टेक्श्चर कुठून घ्यायचं ते लिहिलेलं असतं; तिथे ओळीच्या शेवटी फॉल्स म्हणजे टेक्श्चर याच फोल्डरातलं, ट्रू म्हणजे सिमच्या सामाईक साठ्यातलं. नवं टेक्श्चर ठेवूनही जुनंच दिसत असेल, तर आधी त्या ओळीचं हे शेवटचं मूल्य तपासा, मग नावातलं एकेक अक्षर. स्किन दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा उडवून बघा. निळ्या चॅनलमधली चूक तिरप्या उन्हात चटकन उघडी पडते.