कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना

स्कॅनमध्ये चेहऱ्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत असतील, तर फोकसला दोष देण्याआधी सॉफ्टवेअरमधील ‘डिजिटल आइस’ हा पर्याय बंद आहे ना, ते पाहावे. ही सोय अवरक्त किरणांच्या साहाय्याने धूळ आणि ओरखडे शोधते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण आरपार जातात, परंतु कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा धातुरूप चांदीच्या कणांची असल्यामुळे ती त्यांना अडवते आणि सॉफ्टवेअर प्रतिमेलाच धूळ समजून पुसू लागते. इल्फर्डची एक्सपी २ सुपर ही कृष्णधवल फिल्म मात्र अपवाद, कारण ती रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेने धुतली जाते व तिच्यात चांदी उरत नाही. इतर कृष्णधवल फिल्मसाठी हवेचा फुगा आणि मऊ ब्रश यांना पर्याय नाही. काम कंटाळवाणे आहे खरे.

स्कॅनवर वलये उमटत असतील, तर फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकत असावी. होल्डरने, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चौकटीने, तिला किंचित वर उचलावे. आकाश सपाट पांढरे येत असेल, तर स्वयंचलित एक्स्पोजर बंद करून १६ बिट ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांची अधिक बारीक नोंद), हिस्टोग्रामच्या, म्हणजे गडद-उजळ छटांच्या आलेखाच्या, दोन्ही टोकांना मोकळी जागा ठेवून, मुद्दाम कमी काँट्रास्टचा स्कॅन घ्यावा आणि काँट्रास्ट नंतर वाढवावा.