परसात मोठी धामण दिसते, पकडून न्यायला सांगू की राहू देऊ?

राहू द्या. पण "धामणच आहे, बिनविषारी आहे, मग कसलं टेन्शन" असं म्हणून राहू देऊ नका, हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे आणि त्यासाठीच एवढं लांबलचक लिहितोय.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: पुण्याहून गोव्यात साळगावला आलात, जुनं घर भाड्याने घेतलंय, मागे परस, त्यात माड, फणस, चिऱ्यांचा पडका कंपाऊंड, आणि सकाळी दहा-अकराच्या सुमाराला तिथे सात-आठ फुटी तपकिरी साप फिरतो. घरमालक फोनवर हसला, धामण आहे म्हणाला आणि विषय संपवला. शेजारीण म्हणते राखणदार आहे, वाटीत दूध ठेवा. तुमचे मिस्टर म्हणतात पकडून लांब जंगलात सोडायला सांगू. घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. भेंडीला मोर त्रास देतात म्हणून जाळी लावलीय असंही ओझरतं लिहिलंय, त्यावर शेवटी येतो.

मी डिचोलीकडचा, घराला लागून कुळागर (माडा-पोफळीची बाग), त्यामुळे सोरोप, म्हणजे साप, हा विषय आमच्याकडे पाऊसपाण्याइतकाच रोजचा. मी स्वतः सर्पमित्र नाही. माझा एक मित्र ते काम करतो आणि त्याच्याबरोबर बॅटरी आणि पोतं धरायला मी बऱ्याचदा जातो.

आधी ती खरंच धामण आहे का ते बघू. तुम्ही दिलेलं वर्णन जुळतं: दिवसाढवळ्या फिरते, चाहूल लागली की सुसाट पळते, एकदा फणसावर चढताना दिसली, शेपूट लांब आणि निमुळती. धामणीचा रंग बघून फसायला होतं, पिवळट, शेवाळी, तपकिरी, काही तर काळपटच असतात. त्यापेक्षा अंगाच्या मागच्या अर्ध्या भागावर काळे पट्टे किंवा जाळीसारखी नक्षी आहे का बघा, मान डोक्यापेक्षा बारीक आणि डोळा मोठा, गोल बाहुलीचा. आणि वरच्या ओठाच्या कडेला काळ्या उभ्या रेघा, त्या दिसल्या की माझ्यापुरता प्रश्न मिटतो. पण त्या बघायला जवळ जाऊ नका हो, मोबाईलचा झूम त्यासाठीच आहे. नागाची मान आणि डोकं जवळपास एकाच रुंदीचं दिसतं, आणि चालताना नाग फणा काढून चालत नाही, हे लोक विसरतात. फणा दिसला नाही म्हणजे नाग नाही, असं नसतं. उलट धामण कोपऱ्यात सापडली की गळा फुगवते, मान उभी चपटी करते आणि असा घुरघुर आवाज काढते की लांबून बघणारा शपथेवर सांगेल फणा काढला होता म्हणून. आमच्याकडे अशा कित्येक धामणी नाग समजून मारल्या गेल्यात.

लांबीचं म्हणाल तर घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांना साप नेहमी दीड-दोन फूट जास्तच दिसतो, पण सहा-सात फुटी धामण गोव्यात नवलाची नाही, आठ फुटीही असते.

आता तिच्या नावावर खपवलेल्या गोष्टी. धामण नागाची मादी असते म्हणतात, नसते, नागाला नागीण असते आणि धामणीला धामणच असतो. शेपटीने फटका मारला की तो अवयव सडतो म्हणतात, शेपटीत काहीही नाही, पकडल्यावर ती शेपूट आपटते एवढंच. गाईचे मागचे पाय बांधून दूध पिते हे तर माझ्या आजीनेही छातीठोकपणे सांगितलंय, पण ओढून प्यायला जे ओठ लागतात ते सापाला नाहीतच, आणि गाय काय गप्प उभी राहणार आहे का! त्यामुळे दुधाची वाटी नको. तिथे मुंग्या येतील, शेजारची मांजरं येतील. नागपंचमीला पातोळ्या करा आणि त्याही आपणच खा. बाकी राखणदार म्हणण्याला माझी अजिबात हरकत नाही. जिथे वारुळालाच सातेरी देवी म्हणून पूजतात तिथे एखादी धामण राखणदार झाली तर त्यात वाईट काय, त्या नावामुळे कोणी काठी उचलत नाही हा फायदा कमी नाही.

चावते का? हो, पकडायला गेलात तर कडकडून चावते. विष नाही, पण दात बारीक, पुष्कळ आणि आत वळलेले, रक्त येतं. साबणाने धुवायचं आणि डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तुमच्या मुलाच्या मागे ती धावून येणार नाही, तुमची चाहूल लागली की आधी तीच पळते.

पकडून चोर्ल्याच्या जंगलात सोडावी हा विचार चांगल्या मनाने येतो, पण त्यात तिचंही भलं नाही आणि तुमचंही. तिला तुमच्या वाड्यावरचं प्रत्येक बीळ, कुठे पाणी, कुठे ऊन, कुठे लपायचं हे पाठ आहे, नव्या जागी नेऊन टाकलेला साप नुसता भटकत राहतो आणि बरेच जगत नाहीत, त्यात चोर्ल्याकडच्या सत्तरीच्या रानात नागराज (किंग कोब्रा) आहे आणि त्याचा आहारच मुळात दुसरे साप, धामण त्याला विशेष चालते. आणि तुमच्याकडे काय होणार, उंदीर तिथेच, बिळं तिथेच, महिन्याभरात दुसरं लांबडं येणार, ते धामणच असेल याची गॅरंटी कोण देणार? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण संरक्षित आहे, मारणं तर सोडाच, उगाच पकडून हलवणंही आपल्या मर्जीवर नाही. साप घरात शिरला, न्हाणीत अडकला, विहिरीत पडला, तर बोलवायचंच, तिथे संकोच नको. वनखात्याच्या तुमच्या भागातल्या ऑफिसचा नंबर आजच घेऊन ठेवा, नाहीतर ११२ आहे, अग्निशामक दलाचा १०१ आहे. येणारा माणूस येईपर्यंत एकाने लांबून नुसती नजर ठेवायची, कारण साप कुठल्या फटीत गेला हे सांगता आलं नाही तर तो तरी काय करणार.

आता ते दुसरं वाक्य, निर्धास्त होऊन राहू देऊ नका असं का म्हणालो ते. "धामण असली की नाग येत नाही" हे तुम्हाला साळगावात दहा माणसं सांगतील, कदाचित सांगूनही झालं असेल. हे खरं नाही. धामण तुमच्याकडे आलीय ती उंदरांसाठी आणि बेडकांसाठी, आणि नागालाही नेमकं तेच आवडतं. धामण नागाला हाकलत नाही, दोघं एकाच परसात सुखाने राहू शकतात. म्हणजे मोठी धामण दिसणं याचा माझ्या मते खरा अर्थ इतकाच की तुमच्याकडे खायला भरपूर आहे. माडाखाली पडलेली कोवळी फळं उचलून बघा, देठाजवळ गोल भोक असेल तर वर उंदीर आहेत. ते उंदीर खाली उतरून पावसात लेप्टोचा तापही पसरवतात, ती भीती धामणीपेक्षा मोठी धरायला हवी खरं तर.

त्यामुळे धामणीशी भांडण्यापेक्षा परस आवरा. सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग, सुकलेल्या झावळ्या, उरलेल्या कौलांची आणि चिऱ्यांची रास, हे सगळं घराच्या भिंतीपासून लांब, कंपाऊंडच्या टोकाला, आणि ते हलवताना हाताने नको, आधी काठीने ठोकायचं, पायात गमबूट. कुत्र्याचं ताट रात्री बाहेर राहतं का बघा, नव्वद टक्के घरांत उंदरांची पंगत तिथेच बसते (हा आकडा माझ्या मनाचा, पण बघाच). न्हाणीच्या मोरीला जाळी, मागच्या दाराखालची फट बंद. एवढं केलं की साप येणार नाहीत असं मी म्हणत नाही, गोव्यात राहायचं आणि साप नकोत हे जमणारं नाही, पण ते भिंतीला चिकटून राहणार नाहीत. फिनेल, लसूण, गंधक, ते बाजारात मिळणारं सापाचं औषध, यावर पैसे घालवू नका.

आणि मला विचाराल तर सगळी काळजी दिवसाची काढून रात्रीवर टाका. धामण दिवसा फिरते. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं कळतसुद्धा नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात आणि लोक ॲसिडिटी समजून सोडा पितात. म्हणून मूल खाली गादीवर झोपत असेल तर पलंगावर घ्या, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, अंधारात बॅटरीशिवाय मागच्या दारी जाऊ नका, बूट झटकून घाला. मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी कवड्याही घरात येतो, त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे फिके होत जातात, मण्यारीचं बरोबर उलटं, डोक्याजवळ पुसट आणि मागे जोडीजोडीने स्पष्ट. पण रात्री दोन वाजता हे बघत बसू नये, लांब व्हावं.

अजून एक, हे मी सगळ्यांना सांगतो. "बिनविषारी मोठा साप" म्हणून लोक सर्वात जास्त फसतात ते धामणीत नाही, अजगरात. अजगराचं पिल्लू म्हणून विषारी घोणस हातात घेणारे महाभाग आहेत. घोणशीच्या अंगावर गोल-लांबट ठिपक्यांच्या सरळ ओळी असतात, साखळी ठेवावी तशा, अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते आणि जागची हलत नाही. सुस्त दिसणारा जाडजूड साप परसात दिसला तर धामणीचा अनुभव तिथे वापरू नका.

चावलंच कोणाला, कुठलाही साप असो, तर दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, गावठी औषधाला न्यायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. तुम्हाला म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल जवळ, नाहीतर बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज). साप मारून सोबत न्यायची काहीच गरज नाही, आपल्याकडचं सर्पविषाचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं.

पावसाच्या तोंडावर कधी दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या झालेल्या दिसतील. लोक म्हणतील जोडी लागलीय, नवं कापड टाका, तिजोरीत ठेवलं की पैसा येतो. ते दोन नर असतात आणि मादीसाठी कुस्ती चाललेली असते, एकमेकांना खाली दाबायची. खिडकीतून मुलाला दाखवा, फार सुंदर दिसतं, आणि कापड वाचवा.

आता जाळी. तुमच्या भेंडीची ती नायलॉनची जाळी, हे मला तुमच्या सगळ्या प्रश्नातलं सर्वात वाईट वाटलं. आमच्या वाड्यावर एकाने माकडांसाठी मासेमारीची जुनी जाळी वालाच्या मांडवाभोवती सोडली होती, त्यात धामण अडकली. साप पुढेच जोर लावतो, मागे सरकायला गेला की दोरा खवल्यांखाली शिरतो, मग जितकी धडपड तितका आवळतो. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या अंगाला तीन-चार ठिकाणी करकोचे पडले होते, एका ठिकाणी कातडी फाटून आतलं गुलाबी दिसत होतं. मित्राने ओलं पोतं डोक्यावर टाकलं, मी मधे धरली, आणि तो नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक दोरा उचलून तोडत गेला, कात्री खवल्याच्या दिशेने घालायची, आडवी नाही. ती सारखी घाण सोडत होती, तो वास माझ्या शर्टाचा धुऊनही गेला नाही. शेवटचा फास मानेजवळचा, तो तुटल्यावर ती लगेच गेली नाही, थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग कुंपणातून निघून गेली. जगली की नाही माहीत नाही.

तेव्हा ती जाळी आजच उतरवा. मोरांसाठी हवीच असेल तर ताठ, वेल्डमेशची (जोडलेल्या तारेची) लावा, नाहीतर नायलॉनचीच पण जमिनीपासून हातभर वर आणि ताणून, खाली लोळणारं टोक एकही नको. आणि काढलेली जाळी गुंडाळून परसातच टाकू नका, तुकडे करून पोत्यात भरा आणि कचऱ्याच्या गाडीत द्या.